एक किलो पुढं

अठराव्या पायरीवर माझी कंबर धरली. अशी धरली, की पुढचं पाऊल टाकता येईना आणि मागंही घेता येईना.

“चंदू, गळा घट्ट धर,” मी म्हणाले.

“धरलाय की. का थांबलीस?”

“दम खातो जरा.”

“दम बाराव्या पायरीवर खायचा असतो. ही अठरावी हाय.”

चंदना माझी मुलगी. तेव्हा बारा वर्षांची होती. जन्मापासून स्नायूंचा आजार, पायांत बळ असं कधी आलंच नाही. हात मात्र चालायचे आणि तोंड तर हातांपेक्षा जास्त चालायचं. सांगलीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. सकाळी सातला तिला उचलून खाली शाळेच्या रिक्षात बसवायचं, दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत डेपोतून धावत यायचं, तिला उचलून वर न्यायचं, ताट वाढायचं आणि पावणेदोनला परत कामावर. नवरा होता तोवर हे काम त्याचं. तो एसटीत ड्रायव्हर होता, पोरीला खांद्यावर टाकून शीळ घालत वर जायचा. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, पास द्यायच्या खिडकीवर बसवलं, आणि या पायऱ्याही माझ्याच वाट्याला आल्या. तळमजल्यावर खोली का बघत नाही, असं लोक विचारायचे. महापुरात आमची तळमजल्यावरची खोली छतापर्यंत बुडाली होती. स्वतःहून अंथरुणातून उठू न शकणारी पोर घेऊन पुन्हा खाली राहायची माझी छाती होत नव्हती.

तेवढ्यात वरून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या सोडत उतरत आलं. विशी ओलांडलेली, ट्रॅकपँट घातलेली, खांदे पुरुषासारखे. मला बघून थांबली.

“हलू नका वहिनी. पोरीला मी घेतो.”

“तुला नाही पेलायची. एकोणतीस किलो आहे ती.”

“बघू तरी,” ती म्हणाली, आणि भाजीची पिशवी घ्यावी तशी चंदनाला घेऊन वर गेली. परत खाली आली, माझा हात स्वतःच्या मानेभोवती टाकला आणि मलाही वर नेलं. वर पोचेपर्यंत तिनं मला माझी चूक सांगितली होती. “कमरेनं उचलताय तुम्ही. गुडघ्यानं उचलायचं असतं.”

मला शिकवणाऱ्यांचा राग येतो. दिवसभर खिडकीच्या आत बसून लोकांना “फोटो कुठाय? शाळेचा शिक्का कुठाय?” असं विचारणाऱ्या माणसाला ती सवय लागतेच. मी तिला म्हणाले, “बाई, तू कोण?”

ती रेहाना मुजावर. कुरुंदवाडची. वेटलिफ्टिंगमध्ये राज्यापर्यंत जाऊन आलेली, गुडघा दुखावल्यावर खेळणं सुटलं, आता सांगलीत घरोघरी जाऊन बायकांकडून व्यायाम करून घ्यायची. आमच्या वरच्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंकडं यायची. कार्डावर ‘पर्सनल ट्रेनर’ असं छापलं होतं. चंदनानं ते कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, “आई, तू ठेव की हिला.”

त्याच संध्याकाळी माझा भाऊ आला, बाहुबलीदादा. कंबर शेकत पडलेल्या मला बघून त्यानं जुनाच विषय काढला. मिरजेला अशा मुलांची निवासी शाळा आहे. खाटा आहेत, बायका आहेत उचलायला, महिन्यातून दोनदा भेटता येतं.

“आज पायरीवर अडकलीस शोभना. उद्या पडशील. एकटी नाही, दोघी पडशीला. अजून ती वाढणारच की.”

“मला उचलवतंय तोवर चंदना या घरातनं कुठं जाणार नाही.”

“आणि उचलवलं नाही तर?”

“नाही उचलवलं तर मग बघू तुझी ती शाळा,” मी म्हणाले.

चंदना आतल्या खोलीत चित्र काढत बसली होती. दोन्ही खोल्यांच्या मधे दार नव्हतं, पडदा होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रेहानाला फोन केला.

ती पहिल्यांदा आली ती डंबेल्स घेऊन नाही, नुसती रिकाम्या हातानं. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “रोज किती वेळ हाय तुमच्याकडं?”

“अजिबात नाही.”

“कुकरच्या किती शिट्ट्या करता?”

“तीन.”

“मग तेवढा वेळ हाय की.”

पहिली शिट्टी होईपर्यंत उठाबशा. दुसरी होईपर्यंत ओट्याला हात टेकून छाती खाली-वर. तिसरीपर्यंत जमिनीवरचं ओझं उचलायचं, छातीशी धरायचं, ठेवायचं. एवढंच. मला वाटलं ही पोरगी मला फसवतीय. तिला तसं म्हणालेसुद्धा. ती हसली. “तासभर करून पंधरा दिवसांत सोडणाऱ्या बायका मी लई बघितल्यात वहिनी. त्या वरच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारा, तीनदा सोडलंय. तुम्ही दहा मिनिटं करा, पण डाळ शिजायची थांबत नाही तसं तुमचं बी थांबू नये.”

ओझ्यासाठी दुसऱ्या दिवशी तिनं समोरच्या बांधकामावरून वाळू आणली, जाड पोत्यात भरली आणि घरून आणलेल्या काट्यावर ठेवली. तो काटा मग आमच्याकडंच राहिला. आधी चंदनाला कडेवर घेऊन ती स्वतः काट्यावर उभी राहिली होती, त्यातून स्वतःचं वजन वजा केलं होतं. चंदना एकोणतीस. मग पोतं तीस किलोचं केलं.

“एक किलो जास्त का?” मी विचारलं.

“पोरगी वाढणार. आज एकोणतीस, दिवाळीत तीस, पुढच्या वर्षी तेहतीस. तुम्ही कायम तिच्या एक किलो पुढं राहायचं. ती वाढली की पोत्यात वाळू घालायची. बास, दुसरं काय नाही.”

चंदनानं ते लक्ष देऊन ऐकलं. नंतर तिनं खडूनं पोत्यावर डोळे काढले, नाक काढलं, लोकरीच्या दोन वेण्या शिवून घेतल्या आणि त्याला ‘मोठी चंदना’ असं नाव ठेवलं, कारण ते एक किलोनं मोठं होतं. मला म्हणाली, “हिला उचलताना शिव्या दिल्यास तरी चालतंय. ही रडत नाही.”

सहा आठवडे मी एक दिवस चुकवला नाही. आठवड्यातून तीनदा रेहाना यायची, उरलेले दिवस मी आणि कुकर. पहिल्या आठवड्यात पोतं गुडघ्याच्या वर येईना. दुसऱ्या आठवड्यात मांडीपर्यंत. चौथ्या आठवड्यात मी ते छातीशी धरलं, तेव्हा चंदनानं बसल्या जागी टाळ्या वाजवल्या आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पोत्याचाच मुका घेतला. कंबर दुखायची थांबली. पायऱ्यांवर मी आता फक्त एकदा थांबायची. खिडकीवर माझा आवाजही खाली आला असं शेजारच्या खिडकीवरचे कांबळे म्हणाले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला माझं शरीर माझ्या बाजूचं आहे असं वाटलं.

जुलैच्या शेवटी रेहाना पतियाळाला निघाली. प्रशिक्षकांचा सहा-सात आठवड्यांचा कोर्स होता. तो झाला की तिला शाळेत नोकरी मिळाली असती.

“मला रोज मेसेज टाका,” ती म्हणाली. “एकच शब्द. झालं. तेवढा आला की मी तिकडं निवांत.”

पाच दिवस मी मेसेज टाकला. सहाव्या दिवशी कांबळे आजारी पडले, त्यांची खिडकी माझ्याकडं आली, आणि सकाळी लवकर जायचं म्हणून मी कुकर न लावता आदल्या दिवशीचाच भात डब्यात भरला. शिट्ट्या झाल्या नाहीत, व्यायामही झाला नाही. दुपारी चंदनाला वर आणताना आठवलं.

“रेहानादीदीला मेसेज टाकायचा राहिलाय,” ती म्हणाली.

“टाक तू. माझ्याच फोनवरनं.”

“काय टाकू?”

“झालं म्हणून टाक. उद्या दुप्पट करतो मी.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग टाकला. उद्या दुप्पट झालं नाही, एकपटही झालं नाही. कांबळे तीन आठवडे आले नाहीत. मग मेसेज टाकायचं काम चंदनाचंच झालं. मी चपला घालता घालता म्हणायची, “चंदू, मेसेज!” आणि ती मान डोलवायची. परत कधी तिनं मला काय टाकू असं विचारलं नाही.

याच सुमारास तिनं नियम घेतला. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा आमच्यातला जुना नियम, पण नोकरीच्या माणसाला तो कुठला जमायला. मी साडेसातला घरी येऊन आठला जेवायची आणि चंदना माझ्याबरोबर. चातुर्मास लागलेलाच होता. ती म्हणाली, “मी उजेडात जेवणार. दिवाळीपर्यंत.” मला कौतुकच वाटलं. मग दुपारच्या ताटाबरोबर मी तिचा संध्याकाळचा डबाही भरून तिच्याजवळ ठेवायला लागले. मी यायच्या आधी डबा रिकामा असायचा.

“जेवलीस?”

“जेवलो.”

शाळेतला डबाही रिकामा यायचा. दुपारचं ताट मी वाढून पळायची, तेही रिकामं. खालच्या मजल्यावरच्या सुगंधाआक्का चारच्या सुमाराला वर येऊन तिला बाथरूमला न्यायच्या, तिच्याजवळ बसायच्या आणि उरलंसुरलं पांजरपोळातल्या गाईंसाठी डब्यात घेऊन जायच्या. साऱ्या बिल्डिंगमधून त्या असं गोळा करायच्या. माझी पोर तीन वेळा जेवत होती आणि त्यांपैकी एकदाही मी तिच्यासमोर बसलेली नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाला तिनं दहा दिवस एकासन केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. आजारी पोरीनं कशाला, असं मी म्हणाले. पण फार जोर लावला नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, बायकांनी तिचं फार कौतुक केलं. “पोर चालत न्हाई, पण धर्मात सगळ्यांच्या पुढं हाय,” असं एकजण म्हणाली. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता.

आता जे सांगायचं ते असं, की मला दिसत होतं. आंघोळ मीच घालायची. पाठीचे मणके मोजता यायचे. शाळेचा स्कर्ट कमरेला सैल झाला म्हणून मी तो आत घेतला, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतला, स्वतःच्या हातानं, दोरा तोंडात धरून. उंच होतीय म्हणून बारीक दिसते, असं मी स्वतःला सांगितलं. उपवासानं कुणीही जरा उतरतंच, असंही सांगितलं. पण खरं कारण वेगळंच होतं. पायऱ्या चढताना ती हलकी लागायची, आणि हलकी लागली की मला आनंद व्हायचा. मला वाटायचं, मी ताकदवान झाले. व्यायाम सुटला तरी त्याचा गुण अंगात राहिलाय. बाराव्या पायरीवर थांबायचंही आता कारण नव्हतं. बाहुबलीदादाला मी फोन करून सांगितलं, “तुझ्या शाळेला म्हणावं, खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

पर्व संपल्यानंतरच्या रविवारी आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखवलं असेल तर ‘उत्तम क्षमा’ म्हणून एकमेकांची क्षमा मागायची. चंदनाला घेऊन बस्तीतून परत आले, रिक्षा थांबली, तर जिन्याच्या तोंडाशी रेहाना उभी. पतियाळाहून आदल्या दिवशीच आली होती. हातात पेढ्यांचा पुडा.

“चल वर,” मी म्हणाले. “पण आधी बघ.”

चंदनाला उचललं आणि चढायला लागले. बारावी पायरी गेली, अठरावी गेली. मागं वळून रेहानाला म्हणाले, “कुठं थांबले का?” चौतीसही पायऱ्या एका दमात. वर जाऊन चंदनाला खुर्चीत ठेवलं आणि पदर खोचून पैलवानासारखी उभी राहिले.

“लई भारी वहिनी!” रेहानानं खरोखरच टाळ्या वाजवल्या. “कोर्समधे सगळ्यांना तुमचं सांगितलंय मी. कुकरच्या शिट्टीवरची बाई. रोज मेसेज यायचा, एक दिवस खंड नाही.”

मी चंदनाकडं बघितलं नाही. चहा टाकायला वळले.

“चहा ऱ्हाऊ दे. आधी मोठी चंदना उचलून दावा. मग वाळू घालू तिच्यात.”

पोतं कोपऱ्यात होतं. त्याच्यावर धुवायच्या कपड्यांची रास पडली होती. रेहानानं ती बाजूला केली. मी वाकले, गुडघे वाकवले, तिनं शिकवल्याप्रमाणे पाठ सरळ ठेवली, आणि उचलायला गेले.

ते हललं नाही.

म्हणजे जरा हललं, एका बाजूनं वर आलं आणि बसलं. मी हसले. “साडी आडवी येतीय.” निऱ्या वर खोचल्या. पुन्हा जोर लावला. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि माझ्या हातांतून सुटून फरशीवर आपटलं.

“वाळू कुणी घातली काय ओ ज्यादा?” रेहाना अजून हसतच होती. तिनं वाकून पोतं उचललं, छातीशी धरलं, जरासं झुलवलं. वजनं ओळखणारे हात होते तिचे. “न्हाई. तीसच हाय.”

मग तिचं हसू गेलं. पोतं हळूच खाली ठेवून ती चंदनाच्या खुर्चीपाशी गेली. तिच्या काखेत हात घालून तिला उचललं, जूनमधे पायरीवर उचललं होतं तसं. उचलून तशीच उभी राहिली. माझ्याकडं तिची पाठ होती.

“वहिनी, काटा कुठाय?”

“कशाला?”

“आणा.”

ती चंदनाला घेऊन काट्यावर उभी राहिली. उतरली. चंदनाला माझ्या हातात दिलं आणि एकटी उभी राहिली. परत एकदा तसंच केलं, कारण पहिल्या आकड्यावर तिचा विश्वास बसेना.

“बावीस,” ती म्हणाली.

माझ्या हातात चंदना होती. मी तिला धरून उभी होते आणि खरंच ती काहीच जड नव्हती.

दार उघडंच होतं. सुगंधाआक्का हात जोडून आत आल्या. “उत्तम क्षमा गं शोभना, उत्तम क्षमा. चंदू, तुला बी. तुझ्या गाईनं तुला आशीर्वाद दिलाय बघ.”

“कुठली गाय?” रेहानानं विचारलं.

“पांजरपोळातली. ही पोर रोज भाकरी देती तिला. दोन-दोन, तीन-तीन. भाजी बी देती. शोभना, मी म्हणणार होते तुला, जरा कमी रांधत जा बाई, एवढं उरतंय ते.” बोलता बोलता त्यांनी आमच्या तिघींची तोंडं बघितली आणि त्या थांबल्या.

मी चंदनाला खुर्चीत ठेवलं. माझा स्वभाव वाईट. घाबरले की मला आधी राग येतो. मी तिचे दंड धरले आणि ओरडले, “का केलंस? देवाच्या नावावर खोटं बोललीस माझ्याशी? उपाशी राहिलीस? का?”

“दुखतंय,” ती म्हणाली. मी हात सोडले.

“सांग.”

“तू बाहुबलीमामाला म्हणलीस की. उचलवतंय तोवर मी घरात.” तिचा आवाज अगदी साधा होता, गणित समजावून सांगताना असतो तसा. “रेहानादीदी म्हणली होती, तू एक किलो पुढं राहायचं. पण तू पोतं उचलायचंच सोडलंस. मग तू पुढं कशी राहणार? म्हणून मी मागं आलो.”

“एवढी मागं?” रेहाना म्हणाली.

“आई दिवस चुकवायची त्या दिवशी मी भाकरी चुकवायचो. आई रोजच चुकवायला लागली.” मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं, मी रडतेय हे बघून तिला माझी दया आली. माझा हात धरून ती म्हणाली, “दोघींतल्या एकीनं तरी करायला पाहिजे होतं की, आई.”

आक्का पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मी क्षमा मागितली का? नाही. सकाळपासून पन्नास माणसांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणाले होते. तिच्यापुढं मला तो शब्द उच्चारता आला नाही. आजवर आलेला नाही.

रेहानानं पेढ्याचा पुडा फोडला, एक पेढा अर्धा केला आणि चंदनाच्या तोंडाशी धरला. चंदनानं माझ्याकडं बघून विचारलं, “खाऊ?”

दुसऱ्या दिवशी रेहाना आणि मी तिला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. वाटेत विचारणाऱ्यांना, पोरीला जरा फिरवून आणतोय, असं सांगत नेलं. डॉक्टर तिला बाहेर बसवून मला म्हणाले, की दुसऱ्या मुलानं असं केलं असतं तर दोन महिन्यांत भरून निघालं असतं. या आजारात अंगातला स्नायू एकदा गेला, की परत येत नाही. चरबी येईल, वजन येईल. ताकद किती येईल ते सांगता येत नाही.

वजन आलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती पुन्हा तीसची झाली. ताकद आली नाही. त्याच दिवाळीला तिनं मला वेणी घालायला सांगितली, तेव्हा मला वाटलं लाडात आलीय. तिचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. वर्षभरानं रंगाचा ब्रश धरवेना. दोन वर्षांनी घास तोंडापर्यंत जाईना. आजार पुढं सरकलाच असता, असं डॉक्टर म्हणतात. इतक्या लवकर सरकला असता का, असं मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले.

रेहानानं स्वतःला फार दिवस बोल लावून घेतला. पोरीच्या कानावर एक किलोची गोष्ट घालायला नको होती, म्हणायची. मी तिला सांगितलं, तू जे सांगितलंस ते बरोबर होतं, तुझं ऐकणारी एकच निघाली आणि ती चंदना. आता रेहाना एका शाळेत मुलींना वेटलिफ्टिंग शिकवते, पण रविवारी आमच्याकडं येतेच.

याला पंधरा वर्षं झाली. चंदना सत्तावीस वर्षांची आहे, संगणकाला तोंडानं सांगून लिहिते, तिचे लेख छापून येतात, आणि तिची जीभ अजून तशीच आहे. तिचं वजन त्रेचाळीस आहे. मी चव्वेचाळीस उचलते. या पंधरा वर्षांत ताप होता तेव्हाही, आईचं दिवसकार्य होतं तेव्हाही, एक सकाळ चुकलेली नाही. डेपोतली नवी पोरं निवृत्तीच्या दिवशी माझ्या दंडाला हात लावून बघत होती. काकू, याचं रहस्य काय, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगून हसले.

संध्याकाळी उजेड असतानाच मी तिला भरवायला बसते. वरण-भात, भाकरी कुस्करून दूध, जे असेल ते. ती बोलत बोलत खाते, मी मधूनमधून तिचं तोंड पुसते. चार-पाच घास उरले की ती मान वळवते.

“बास आई. पोट भरलं.”

मी घास हातात तसाच धरून तिच्या तोंडाकडं बघत राहते. ती माझ्याकडं बघून हसते. ती खरं बोलतेय की नाही, हे मला एकदाही ओळखता आलेलं नाही.